जिंकून झालेला मुलुख : वारस, आर्मिनिअस आणि रोमला दिसलेला जर्मानिया

बॉनच्या वस्तुसंग्रहालयात चुनखडीची एक स्मारकशिळा आहे. १६२० मध्ये ती झांटेनजवळ सापडली. तिच्यावर मार्कस कॅलिअस नावाचा रोमन सेंच्युरिअन, म्हणजे तुकडीचा नायक, कोरला आहे. छातीवर पदकं, डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, हातात द्राक्षवेलीची छडी. ही छडी म्हणजे सेंच्युरिअनच्या हुद्द्याची खूण. दोन्ही बाजूंना त्याने मुक्त केलेले दोन गुलाम, प्रिव्हाटस आणि थिआमिनस. खाली मोजका मजकूर : बोनोनियाचा रहिवासी, अठरावी लीजन (लीजन म्हणजे रोमन सैन्याचं मोठं दल), वय साडेत्रेपन्न, 'वारसच्या युद्धात पडला'. शिळा भावाने उभारली आहे आणि शेवटी एक परवानगी कोरली आहे, की इथे हाडं आणून ठेवायला हरकत नाही. कोणाची हाडं, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. शिळेखाली कॅलिअस मात्र नव्हता. तो ऱ्हाईनच्या पलीकडे कुठेतरी पडला होता.

इ.स. ९ च्या शरद ऋतूत, रोमन गव्हर्नर वारसच्या हाताखालच्या सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी अशा तीन लीजन, घोडदळाच्या तीन तुकड्या आणि सहा सहायक पलटणी जर्मानियात, केरुस्की टोळीच्या आर्मिनिअसने रचलेल्या हल्ल्यात, तीन-चार दिवसांत नाहीशा झाल्या. माणसं साधारण पंधरा ते वीस हजार. या तीन लीजनचे क्रमांक रोमने पुन्हा कधी वापरले नाहीत.

हे प्रकरण बहुतेक वेळा जंगल, पाऊस आणि विश्वासघात या तीन शब्दांत सांगितलं जातं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मला हे प्रकरण त्याआधीच्या वीस वर्षांमुळे महत्त्वाचं वाटतं. त्या वीस वर्षांत रोमला समोर काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, ते तपासल्याशिवाय त्या चार दिवसांचा अर्थ लागत नाही.

सीझरने आखलेली रेघ

'जर्मानिया' हा मुलुख एका अर्थाने ज्युलिअस सीझरने तयार केला. ऱ्हाईनच्या अलीकडे गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपास) आणि पलीकडे जर्मन, ही स्वच्छ विभागणी त्याची. तो स्वतः इ.स.पू. ५५ आणि ५३ मध्ये पूल बांधून नदीपार गेला. पहिला पूल दहा दिवसांत उभा राहिला, पलीकडचा मुक्काम अठरा दिवसांचा झाला, आणि परतताना त्याने पूल मोडून टाकला. तिथल्या हर्सिनिअन अरण्याबद्दल त्याने लिहिलं, की हलकं सामान घेऊन चालणाऱ्यालाही त्याची रुंदी ओलांडायला नऊ दिवस लागतात आणि पूर्वेकडे साठ दिवस चालूनही कोणाला त्याचं टोक सापडलेलं नाही. त्या रानात म्हणे गुडघे नसलेले एल्क होते. ते झाडाला टेकून झोपत, म्हणून शिकारी झाडाचं खोड आधीच कापून ठेवत.

नदी मात्र अशी काही सरहद्द नव्हती. जर्मन म्हणवले जाणारे काही गट ऱ्हाईनच्या अलीकडे राहतात, हे खुद्द सीझरच्याच मजकुरात आहे. उलट पलीकडे, आजच्या गीसनजवळच्या डून्सबर्ग टेकडीवर, गॉलमध्ये असत तशीच तटबंदीची मोठी वस्ती होती. पण सीझरला कुठेतरी थांबायचं होतं आणि थांबण्याला कारण हवं होतं. पलीकडे अथांग रान आणि न सुधारणारी माणसं असली, म्हणजे नदीपाशी थांबणं शहाणपणाचं ठरतं.

आपल्याकडेही 'रानटी टोळ्या' हा शब्द शाळेपासून कानावर असतो. त्यामुळे हे सांगणं भाग आहे, की त्या लोकांना स्वतःसाठी 'जर्मन' असं एक नाव असल्याचा पुरावा नाही. कोणी केरुस्की होते, कोणी ब्रुक्टेरी, कोणी खाट्टी, कोणी मार्कोमानी. दीडशे वर्षांनी रोमन इतिहासकार टॅसिटसनेही नोंदवलं, की 'जर्मानिया' हे नाव अलीकडचं आहे, आधी एकाच टोळीचं होतं, मग सगळ्यांवर पसरलं.

वाल्डगिर्मेस

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात ही रेघ पुढे सरकली. सुगांब्री टोळी आणि तिच्या सोबत्यांनी रोमन सेनापती लोलिअसचा पराभव करून पाचव्या लीजनचा गरुडध्वज पळवला होता. त्यानंतर इ.स.पू. १२ ते ९ अशी चार वर्षं ऑगस्टसचा सावत्र मुलगा ड्रूसस मोहिमा काढत एल्ब नदीपर्यंत पोचला. परतीच्या वाटेवर तो घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. काम त्याचा भाऊ, पुढे सम्राट झालेला टायबेरिअस, याने पुढे नेलं. लिपे नदीच्या काठाने ओबराडेन, हाल्टर्न, आनरेपेन अशा छावण्यांची माळ उभी राहिली.

आणि १९९३ मध्ये लाहन नदीच्या खोऱ्यात, वेट्झलारजवळ, वाल्डगिर्मेस सापडलं. आधी ती आणखी एक छावणीच वाटली. खणत गेल्यावर दिसलं, की इथे सैनिकांच्या बराकी नाहीत. लाकूड-मातीच्या तटाच्या आत जवळपास आठ हेक्टरांवर चक्क एक गाव वसवलं होतं. सरळ रस्ते, रस्त्याच्या बाजूला ओसरी असलेली घरं, कुंभाराच्या भट्ट्या, शिशाच्या नळ्यांचे तुकडे, आणि मध्यभागी दगडी पायावरचा फोरम, म्हणजे सभा, न्याय आणि बाजार यांचा चौक. फोरमच्या अंगणात पुतळ्यांसाठी चौथरे. रोमन भांड्यांबरोबर स्थानिक जर्मन घडणीची भांडीही भरपूर निघाली. दोन्ही प्रकारची माणसं इथे एकत्र राहत होती किंवा निदान रोज येत-जात होती. लाकडाच्या वर्षवलयांवरून वस्तीची सुरुवात इ.स.पू. ४ च्या सुमारास जाते.

इतिहासकार कॅसिअस डिओने दोनशे वर्षांनंतर लिहिलं होतं, की तिथे शहरं वसवली जात होती, जर्मन लोक बाजारांना आणि सभांना सरावत होते, आणि आपण बदलतोय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. बरीच वर्षं इतिहासकारांना ही अतिशयोक्ती वाटे. वाल्डगिर्मेसने डिओला खरं ठरवलं.

२००९ मध्ये तिथल्या एका खोल विहिरीत जात्याच्या दगडांखाली दबलेलं कांस्याचं, सोन्याचा मुलामा दिलेलं घोड्याचं मस्तक मिळालं, खऱ्या घोड्याएवढं. पूर्ण पुतळ्याचे शंभराहून अधिक तुकडे त्या गावात विखुरलेले सापडले. घोड्यावर बहुधा ऑगस्टस असावा. असा पुतळा सैनिकांच्या छावणीत कोणी उभारत नाही. तो जिथे राज्य बसलं आहे, कर गोळा होतोय, फिर्यादी ऐकल्या जाताहेत, अशा ठिकाणी उभारतात.

सौरलँडच्या डोंगरात तेव्हा शिसं निघत होतं. 'जर्मन शिसं' असा ठसा असलेल्या त्याच्या लगडी थेट भूमध्य समुद्रातल्या बुडालेल्या जहाजात मिळाल्या आहेत. कोलोनला उबी लोकांच्या गावात राज्यपूजेची वेदी होती आणि इ.स. ९ मध्ये तिचा पुजारी होता केरुस्कींच्या सेगेस्टिस या सरदाराचा मुलगा.

म्हणजे इ.स. ९ च्या रोमन अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर सीझरचं अरण्य नव्हतं. त्याच्या लेखी हा प्रांत तयार झाला होता, फक्त कागदपत्रं पूर्ण व्हायची होती.

वारस

पब्लिअस क्विंक्टिलिअस वारसला इतिहासाने मूर्ख ठरवलं. मला तो निवाडा पटत नाही. इ.स.पू. १३ मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर, होता. आफ्रिका आणि सीरिया हे दोन मोठे प्रांत त्याने सांभाळले होते. हेरोड राजा वारल्यावर ज्युडियात उठाव झाला, तेव्हा सीरियातून फौज घेऊन त्याने तो मोडला आणि दोन हजार माणसांना क्रुसावर चढवलं, असं ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. माणूस क्रूर होता, पण दुबळा किंवा अननुभवी नव्हता.

त्याच्यावरचा सगळ्यात धारदार आरोप इतिहासकार वेलिअस पाटर्क्युलसचा आहे : सौम्य स्वभावाचा, शरीराने आणि मनाने सुस्त, गरीब असताना श्रीमंत सीरियात गेला आणि सीरियाला गरीब करून श्रीमंत होऊन बाहेर पडला. वेलिअस स्वतः टायबेरिअसच्या हाताखाली जर्मानियात लढला होता, त्यामुळे त्याची माहिती जवळची. पण तो लिहीत होता टायबेरिअस सम्राट असताना. सगळा दोष वारसवर गेला, की ज्या धोरणाने त्याला तिथे पाठवलं त्याला धक्का लागत नाही. वारस मेलेला होता आणि त्याच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

तरी वेलिअसचं एक निरीक्षण मोलाचं आहे. वारसला वाटे, की तलवारीने जे वाकत नाहीत ते कायद्याने मऊ होतील. त्याने उन्हाळा न्यायनिवाड्यात घालवला. जर्मन लोक मुद्दाम खोटे तंटे घेऊन येत, निकालाबद्दल आभार मानत, आणि आपण पंच नेमून भांडणं मिटवायला शिकलो असं दाखवत. वारसला वाटू लागलं, की आपण रोमच्या चौकात न्यायाधीश म्हणून बसलो आहोत.

वारसने जे पाहिलं ते जागेवर खरोखर घडत होतं. लोक येत होते, फिर्याद मांडत होते, कर देत होते. सीरियात याचा अर्थ 'प्रांत शांत आहे' असाच होता, कारण तिथे शतकानुशतकं राजे, दफ्तरं आणि कारकून होते आणि रोम त्यांच्या जागी फक्त वर जाऊन बसला होता. केरुस्कींमध्ये तसं वरचं आसनच नव्हतं. तंटा मिटवणं हे तिथे भाऊबंदांच्या आणि सभेच्या हातात असे. त्यात परक्या माणसाने निकाल देणं, आणि तो छडी-कुऱ्हाड घेतलेल्या शिपायांच्या जोरावर अमलात आणणं, ही केवढी घुसखोरी होती हे वारसच्या ध्यानात आलं नाही. पुढे टॅसिटस आर्मिनिअसच्या तोंडी वाक्य घालतो, की एल्ब आणि ऱ्हाईनच्या मध्ये छड्या, कुऱ्हाडी आणि रोमन झगे (टोगा) दिसले, ही गोष्ट जर्मन कधीच माफ करणार नाहीत. भाषण टॅसिटसने रचलं असेल, पण त्याने बोट बरोबर जागी ठेवलं आहे.

जेवणाच्या पंगतीतला इशारा

आर्मिनिअस केरुस्की सरदार सेगिमेरचा मुलगा. त्याने रोमन सहायक फौजेत चाकरी केली होती, त्याला रोमन नागरिकत्व आणि अश्वारोही वर्गाचा दर्जा मिळाला होता, लॅटिन येत होती. त्याचा भाऊ फ्लाव्हस रोमच्या बाजूने लढताना एक डोळा गमावून बसला आणि शेवटपर्यंत रोमशी एकनिष्ठ राहिला. आर्मिनिअस वारसच्या तंबूत जेवायला बसत असे.

शेवटच्या कूचाच्या आदल्या रात्री सेगेस्टिसने मेजवानीत वारसला सांगितलं, की मला, आर्मिनिअसला आणि बाकी सरदारांना आत्ताच बेड्या घाला. पुढारी अडकले की लोक काही करणार नाहीत, आणि दोषी कोण ते मग सावकाश ठरवा. वारसने ऐकलं नाही.

मला या प्रसंगापाशी थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. सेगेस्टिस आणि आर्मिनिअस यांच्यात वैर होतं. वारसला ही मत्सरातून आलेली चुगली वाटली असणार, आणि तसं वाटणं अगदीच वावगं नव्हतं. पण ते वैर म्हणजेच केरुस्कींचं राजकारण होतं. रोमशी जमवून घ्यायचं की नाही, या प्रश्नावर प्रत्येक घर फुटलं होतं. सासरा एकीकडे, जावई दुसरीकडे, भाऊ भावाच्या विरुद्ध. रोमला यातले 'आपले' तेवढे दिसत. आपल्यांमध्ये कोण कोणाच्या विरोधात आहे आणि का, हे जाणून घेणारी नजर गव्हर्नरपाशी नव्हती. मुलुखाची जवळपास सगळी खबर ज्यांच्याकडून येत होती, त्यांच्यातलाच एक ती रचत होता.

दूरच्या एका टोळीने उठाव केल्याची बातमी आली. वारस वेझर नदीकडच्या उन्हाळी तळावरून निघाला आणि नेहमीची वाट सोडून त्या दिशेने वळला. आर्मिनिअसने त्याला वाटेला लावलं, आणि मदतीची फौज गोळा करून आणतो असं सांगून तो मागे राहिला.

काल्क्रीझ

डिओच्या वर्णनात सैन्याबरोबर गाड्या, बायका, मुलं, नोकर आहेत, शांत प्रांतातून चालल्यासारखं. झाडं तोडत, ओढ्यांवर पूल टाकत रांग लांबत गेली. वारा-पाऊस सुरू झाला, मुळांवरून पाय घसरू लागले, भिजलेल्या ढाली उचलवेनात. हल्ले पहिल्यांदा लांबून भाल्यांचे, मग जवळून. गाड्या जाळून सैन्य पुढे सरकलं. घोडदळाचा प्रमुख नुमोनिअस वाला स्वार घेऊन निसटायला गेला आणि तोही मारला गेला. वारसने तलवारीवर अंग झोकून दिलं.

जागा कुठली, हा वाद शतकानुशतकं चालला. १८८५ मध्ये जर्मन इतिहासकार थिओडोर मोमझेनने, ऑस्नाब्रुकच्या उत्तरेला मिळणाऱ्या रोमन नाण्यांवरून, काल्क्रीझकडे बोट दाखवलं होतं. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला तिथे धातुशोधकाने चांदीची नाणी आणि पाठोपाठ गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या. गोफणीच्या गोळ्या व्यापारी बाळगत नाहीत, तिथे सैन्य असणार. डोंगराचा पायथा आणि मोठी दलदल यांमधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातून नंतर हजारो वस्तू निघाल्या : घोडेस्वाराचा लोखंडी मुखवटा, वारसच्या नावाची अक्षरं ठोकलेली तांब्याची नाणी, आणि एका खेचराच्या गळ्यातली घंटा, जिच्यात गवत-पाला कोंबला होता. आवाज होऊ नये म्हणून कोणीतरी धावपळीत ती घंटा मुकी केली होती. ते खेचर मान मोडून मेलेलं आढळलं.

काही अभ्यासकांना हे ठिकाण सहा-सात वर्षांनंतरच्या रोमन सेनापती जर्मॅनिकसच्या लढाईचं वाटतं. पण इथली नाणी इ.स. ९ च्या पुढे जात नाहीत, आणि इथल्या धातूंची रासायनिक ठेवण एकोणिसाव्या लीजनच्या जुन्या तळावरच्या, म्हणजे डांगस्टेटनच्या, वस्तूंशी जुळल्याचं अलीकडच्या तपासणीत दिसलं. मी काल्क्रीझच्या बाजूने आहे.

याला आपण सहज 'गनिमी कावा' म्हणून मोकळे होतो. आडवाटेची निवड आणि दलदलीचा वापर पाहता ते बरोबरही आहे. पण ज्याने हा कावा रचला तो बाहेरचा गनीम नव्हता, रोमन सैन्याचाच अधिकारी होता. रोमन रांग कशी चालते, कुठे तुटते, छावणी घालायला तिला किती वेळ लागतो, हे त्याला चाकरीत कळलं होतं. रोमने त्याला हे सगळं शिकवलं, त्याच्याकडून मात्र काही शिकून घेतलं नाही.

नंतरची नजर

वारसचं डोकं आर्मिनिअसने मार्कोमानींचा राजा मारोबोडुअसकडे पाठवलं, आपल्यात सामील व्हायचं आवतण म्हणून. मारोबोडुअस सामील झाला नाही. त्याने ते डोकं ऑगस्टसकडे रवाना केलं. 'जर्मन' नावाची एकी नव्हती, याला याहून मोठा पुरावा नको.

ऑगस्टसने कित्येक महिने केस-दाढी वाढवली आणि दारावर डोकं आपटत तो 'क्विंक्टिलिअस वारस, माझ्या लीजन परत दे' असं म्हणे, हे सम्राटांचा चरित्रकार सुटोनिअस सांगतो. पण आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत त्याने मागे ठेवला, तो त्याच्या मृत्यूनंतर इ.स. १४ मध्ये वाचला गेला. त्यात लिहिलं आहे, की मी जर्मानियात एल्बच्या मुखापर्यंत शांतता प्रस्थापित केली. वारसचं नाव त्यात नाही. पाच वर्षं उलटली होती, हाडं उघड्यावर पडली होती, तरी कागदावर मुलुख जिंकलेलाच राहिला.

ती हाडं इ.स. १५ मध्ये ड्रूससचा मुलगा जर्मॅनिकस याने पाहिली. टॅसिटसने ते दृश्य लिहून ठेवलं आहे : अर्धवट पडलेला तट, पांढरी पडलेली हाडं, जिथे माणसं पळाली तिथे विखुरलेली आणि जिथे उभी राहिली तिथे ढिगाने, झाडांच्या खोडांना ठोकलेल्या कवट्या. सैनिकांनी ती पुरली. आपण आपल्या माणसाला पुरतोय की परक्याला, हे कोणालाच कळत नव्हतं. काल्क्रीझला खड्ड्यांत माणसांची आणि खेचरांची हाडं मिसळून मिळाली, आणि ती पुरण्याआधी काही वर्षं उघड्यावर राहिली होती, असं तपासणीत निघालं.

त्याच वर्षी आर्मिनिअसची गरोदर बायको थुस्नेल्डा जर्मॅनिकसच्या हाती लागली. तिला स्वाधीन करणारा तिचा बाप सेगेस्टिस. २६ मे १७ रोजी रोममध्ये विजययात्रा निघाली. थुस्नेल्डा आणि कैदेत जन्मलेला तिचा लहानगा मुलगा कैद्यांत चालत होते, आणि सेगेस्टिस मानाच्या जागेवरून ते पाहत होता. भूगोलकार स्ट्रेबोने हे नोंदवलं आणि वर लिहिलं, की या लोकांशी अविश्वासानेच वागणं फायद्याचं ठरतं.

टायबेरिअसने वेगळा निष्कर्ष काढला. तो ऑगस्टसच्या हुकमाने नऊ वेळा जर्मानियात गेला होता. त्याने जर्मॅनिकसला परत बोलावलं : त्यांना त्यांच्या आपसातल्या भांडणांवर सोडून दे. तसंच झालं. आर्मिनिअस आणि मारोबोडुअस एकमेकांशी लढले, आणि काही वर्षांनी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, आर्मिनिअसला त्याच्याच नातलगांनी मारलं. सेगेस्टिसच्या मेजवानीतल्या इशाऱ्यात जी आपसातली फूट दिसत होती, तिच्यावर रोमचं धोरण अखेर उभं राहिलं, फक्त तीन लीजन गमावल्यावर.

लोकांच्या मनात मात्र पुन्हा सीझरचं अरण्यच रुजलं. इ.स. ९८ मध्ये टॅसिटसने जर्मानियावर छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यात हा प्रदेश एकंदरीत रानांनी भयाण किंवा दलदलींनी घाण आहे, आणि आशिया, आफ्रिका किंवा इटली सोडून इथे राहायला कोण येईल, असा त्याचा प्रश्न आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने समुद्रकाठचे खाउकी लोक स्वतः पाहिले होते. भरतीत पाण्याने वेढलेल्या उंचवट्यांवर ते राहतात, चिखल वाळवून जाळतात, तरी रोमने जिंकलं तर त्याला गुलामी म्हणतात, याचं त्याला नवल वाटलं. तशाच एका उंचवट्याचं, फेडरसन विर्डं इथलं उत्खनन १९५५ ते १९६३ मध्ये झालं. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहतील अशी लांबलचक घरं ओळीने निघाली, गोठ्यातल्या गव्हाणींच्या विभागण्यांसकट. प्लिनीला दया आली, ते भरल्या गोठ्याचं गाव होतं. पीक आणि गुरं होती म्हणून तर जर्मॅनिकसची फौज मोहिमेत गावं आणि शेतं जाळू शकली. निव्वळ रानात जाळण्यासारखं काय असतं?

शेवटी नाव तेवढं रोमला मिळालं. इ.स. ८५ च्या सुमारास सम्राट डोमिशिअनने ऱ्हाईनकाठच्या लष्करी पट्ट्याचे दोन प्रांत केले आणि त्यांना वरचा जर्मानिया, खालचा जर्मानिया म्हटलं. त्यातला बराच भाग सीझरच्या हिशोबाने गॉलमध्ये मोडत होता. त्याच सुमाराला नाणी पाडली गेली. त्यांवर जिंकलेल्या शस्त्रांच्या स्तंभाशी शोक करत बसलेली एक बाई, बाजूला हात बांधलेला कैदी, आणि भोवती अक्षरं : 'जर्मानिया काबीज'. थोड्याच वर्षांनी टॅसिटसने हिशोब मांडला, की किंब्री या जर्मन टोळीची पहिली बातमी आल्यापासून आजवर दोनशे दहा वर्षं झाली. इतका काळ जर्मानिया जिंकलाच जातो आहे.